कर्ज काढून शिकावं का?



इस्रायलहून फोन आला की आधी तब्येत, मग हवा-पाणी आणि मग मुलांचं शिक्षण, या क्रमाने आमचं बोलणं चालतं. शिक्षणावर गाडी आली की लोदची माझी चुलत बहीण हमखास विचारते, "अगं, अमेरिकेत साधं हॉस्पिटलातलं काम शिकायला एवढे पैसे का लागतात?" तिच्या मुलाने सरकारी युनिव्हर्सिटीत वर्षाला अकरा-बारा हजार शेकेल फी भरून पदवी घेतली, त्यामुळे तिला नवल वाटणारच. फोनवर याचं उत्तर देता येत नाही. शिवाय आपल्या पत्रिकेच्या वाचकांपैकी कित्येकांची नातवंडं इथे न्यू जर्सीत, न्यूयॉर्कला, कॅनडात कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणून यंदा आमच्या घरी जो हिशेब झाला तो सविस्तर लिहिते. आजी-आजोबांनी वाचावा आणि नातवंडांनाही वाचून दाखवावा.

माझ्या नातीला फिजिओथेरपिस्ट व्हायचं आहे. हे खूळ नव्हे. तिच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. एक थेरपिस्ट बाई आठवड्यातून तीनदा येऊन त्यांना खुर्चीतून उठायला, मग चार पावलं टाकायला शिकवायच्या, आणि ही पोरगी शेजारी उभी राहून मोजायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. यंदा पेसाहच्या सुमारास कॉलेजांची पत्रं आली. त्यात दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी युनिव्हर्सिटीचं पत्र होतं. नाव मोठं, इमारती सुंदर, आणि कोर्सचं नाव 'हेल्थ सायन्सेस', म्हणजे आरोग्यविज्ञान. चार वर्षांची पदवी. स्कॉलरशिप वजा जाऊन वर्षाला बेचाळीस हजार डॉलर आम्ही भरायचे.

चार वर्षांचे झाले एक लाख अडुसष्ट हजार. मुलगा आणि सूनबाई मिळून वर्षाला बारा हजार देऊ शकतात, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. उरले एक लाख वीस हजार. आता सरकार पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर किती कर्ज देतं? पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दरवर्षी ७,५००. चार वर्षांचे मिळून २७,०००. म्हणजे बाकीचे त्र्याण्णव हजार बँकेकडून खाजगी कर्ज. अठरा वर्षांच्या पोरीला बँक एवढे पैसे जामीनदाराशिवाय देत नाही. मुलाच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. माझं घर फिटलेलं आहे, पेन्शन चालू आहे. तेव्हा तो कागद फिरत फिरत माझ्यापुढे आला.

सही करायला माझी ना नव्हती. नातीसाठी नाही करायची तर कोणासाठी? पण मी तीस-पस्तीस वर्षं नर्सचं काम केलं आहे, आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय डोस द्यायचा नाही ही सवय हाडीमाशी भिनली आहे. म्हटलं, आधी लेबल वाचू.

मी नर्सिंग शिकले मुंबईत, सरकारी हॉस्पिटलात. फी नावापुरती, राहायला होस्टेल, वर महिन्याला थोडा स्टायपेंड, त्यातून आईला साडीसुद्धा घेतलेली आठवते. इथे आल्यावर मात्र त्या सर्टिफिकेटाला नुसतं कोणी विचारेना. राज्याची परीक्षा पास होऊन लायसन्स हातात आलं तेव्हा पगार सुरू झाला. माझ्या वॉर्डात दोन वर्षांच्या कोर्सवाल्या होत्या, चार वर्षांच्या पदवीवाल्या होत्या, फिलिपिन्सच्या होत्या, केरळच्या होत्या. परीक्षा सगळ्यांची एकच. तासाचा दर ठरायचा तो लायसन्स आणि अनुभव बघून, कॉलेजच्या नावावर नाही. आजही तसंच आहे: कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी घेतलेली मुलगी आणि महागड्या युनिव्हर्सिटीची मुलगी एकाच एन्क्लेक्स परीक्षेला बसतात. पुढे बढतीसाठी चार वर्षांची पदवी लागते, मोठी हॉस्पिटलं ती मागतात, आणि न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला की नव्या नर्सने दहा वर्षांच्या आत बी.एस. पूर्ण करावं. पण ते नोकरी करता करता, पुष्कळदा हॉस्पिटलच्या पैशाने करता येतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न: "या पदवीच्या शेवटी लायसन्स कुठलं?" नातीने माहितीपुस्तक पुढून मागून चाळलं. लायसन्स कुठलंच नाही. ही 'हेल्थ सायन्सेस'ची पदवी म्हणजे पुढच्या शिक्षणाची पायरी. फिजिओथेरपिस्ट व्हायला त्यानंतर आणखी तीन वर्षं डी.पी.टी. करायचं, मग परीक्षा, मग लायसन्स. पुढे प्रवेश मिळाला नाही किंवा पैसे संपले, तर नुसत्या त्या पदवीवर क्लिनिकच्या ऑफिसात, विम्याच्या कंपनीत, कुठे मदतनीस म्हणून नोकरी. काम वाईट नाही, पण त्या पगारात लाखाचं कर्ज फिटत नाही.

इथे लोदच्या बहिणीसाठी थोडं थांबून सांगते. इस्रायलमध्ये आणि भारतातही फिजिओथेरपिस्ट बॅचलर पदवीवर काम करतो. अमेरिकेतही पूर्वी तसंच होतं. मग मास्टर्स लागू लागलं, आणि २०१६ पासून तर डॉक्टरेटशिवाय नवीन माणसाला दारच बंद. गुडघा तोच, व्यायाम तोच, पण शिक्षण सात वर्षांचं. पगार मात्र त्या मानाने वाढलेला नाही. सरकारच्या श्रमखात्याचे मे २०२३ चे आकडे बघा: फिजिओथेरपिस्टचा मधला पगार वर्षाला ९९,७१० डॉलर. नर्सचा ८६,०७०. आणि दातांच्या दवाखान्यात दात साफ करणारी जी हायजिनिस्ट असते तिचा ८७ हजारांच्या वर! ती दोन-तीन वर्षांत तयार होते, आणि तो कोर्स आमच्या शेजारी एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजात आहे. नाती, भाच्या असतील त्यांना हे जरूर सांगा. आपल्या लोकांना डॉक्टर, नर्स आणि फार्मसिस्ट यांच्या पलीकडचे हॉस्पिटलातले धंदे माहीतच नसतात. एक्स-रे काढणारे, श्वासाचा उपचार करणारे, फिजिओथेरपिस्टचे असिस्टंट, या सगळ्यांची लायसन्सं दोन वर्षांच्या पदवीवर मिळतात.

मधला पगार म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगते. शंभर जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध उभा असलेल्याचा पगार. निम्मे त्याच्या मागे आहेत हे विसरायचं नाही, आणि नवशिके बहुतेक मागच्या निम्म्यातच असतात. सुरुवातीचा पगार नेहमी कमी धरावा.

आणि मुलांनो, व्याजाचंही ऐका. कोकणातल्या वाण्याची वही तुमच्या पणज्यांना माहीत होती. महिन्याची साखर, रॉकेल उधार, आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता. कॉलेजचं कर्ज असं नाही. तुम्ही वर्गात बसलेले असता तेव्हाही बहुतेक कर्जांवर व्याज चढत असतं. पदवीच्या सरकारी कर्जाचा दर २०२५-२६ साठी ६.३९ टक्के होता. सोपं पडावं म्हणून साडेसहा धरू. तीस हजारांचं कर्ज दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ३४० डॉलर. एक लाख वीस हजारांचं असेल तर १,३६० डॉलर, दर महिन्याला, दहा वर्षं, आणि शेवटी भरलेले होतात एक लाख त्रेसष्ट हजारांच्या वर. लाखभर पगाराच्या माणसाला टॅक्स, विमा, पेन्शनचा फंड कापून महिन्याला साधारण सहा हजार हातात येतात. त्यातून या भागात दोन खोल्यांच्या घरभाड्याला किती जातात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आणि हा नुसता पहिल्या चार वर्षांच्या कर्जाचा हप्ता. डी.पी.टी.चं कर्ज त्याच्या डोक्यावर.

नात हुशार. तिने लगेच लॅपटॉप उघडून 'कॉलेज स्कोअरकार्ड' दाखवलं. ही सरकारची सोय २०१५ पासून आहे. कुठल्या कॉलेजातून निघालेल्या मुलांना पगार किती, कर्ज किती, ते त्यात बघता येतं, आणि २०१९ पासून कोर्सप्रमाणेही बरेच आकडे मिळतात. फार उपयोगाची गोष्ट आहे, प्रत्येकाने बघावी. तिने बोट ठेवलं, "बघ आजी, तिथल्या मुलांचं कर्ज फक्त सत्तावीस हजाराच्या आसपास!" मी म्हटलं, बाळा, आकडा खरा आहे, पण तो सरकारी कर्जाचा. खाजगी बँकेचं कर्ज त्यात धरलेलंच नाही. आईवडिलांनी काढलेलं कर्ज वेगळ्या रकान्यात असतं. जो कागद माझ्यापुढे पडला आहे, त्यातला एक डॉलरही या आकड्यात दिसणार नाही. शिवाय हे आकडे पदवी पूर्ण केलेल्यांचे आहेत. अर्ध्यावर सोडणाऱ्याला कर्ज तेवढंच आणि पगार मात्र बारावीचा.

आकडे आज चांगले म्हणून उद्याही चांगलेच राहतील असंही नाही. आमच्या पिस्कॅटवेतच, रटगर्सच्या बुश कॅम्पसवर, फार्मसीचं नावाजलेलं कॉलेज आहे. सहा वर्षांचा कोर्स. २००० सालच्या आसपास फार्मसिस्टचा एवढा तुटवडा होता की दुकानवाले मुलांना शिकत असतानाच धरून ठेवायचे. ते बघून देशभर नवी फार्मसी कॉलेजं निघाली. पगार अजूनही बरा आहे, २०२३ मध्ये मधला १,३६,०३० डॉलर, पण तो कित्येक वर्षं जवळजवळ जागच्या जागी आहे, आणि कर्ज घेणाऱ्या मुलांचं सरासरी कर्ज दीड लाखाच्या वर जातं. आमच्या कोपऱ्याकोपऱ्यावरची राइट एड दुकानं २०२५ मध्ये कायमची बंद झाली. फार्मसी शिकू नये असं मी म्हणत नाही, रटगर्ससारख्या सरकारी कॉलेजात न्यू जर्सीच्या मुलाने जरूर शिकावी. पण आकड्याला तारीख असते, एवढं लक्षात ठेवावं.

आता जामीनदारीचं. आपल्या लोकांना वाटतं जामीन राहणं म्हणजे शिफारस करणं, चांगल्या घरची मुलगी आहे असं सांगणं. इथे को-साइन केलं की ते कर्ज तुमचंच. मुलाने एक हप्ता चुकवला की तुमच्या नावावर डाग, आणि बँक आधी तुमच्याकडेही येऊ शकते. २०१६ साली न्यू जर्सी राज्याच्या स्वतःच्या कर्जयोजनेबद्दल वर्तमानपत्रांत फार गाजलं होतं: मुलगा मरण पावला तरी जामीन राहिलेल्या आईला हप्ते भरावे लागत होते. नंतर ते नियम बदलले. खाजगी बँकांच्या २०१८ पूर्वीच्या कर्जांचं मात्र ज्याचा त्याचा करार, बारीक अक्षरात. आणि दिवाळं काढलं तरी विद्यार्थ्याचं कर्ज सहसा सुटत नाही.

तोरात सातव्या वर्षी, श्मिताच्या वर्षी, कर्जमाफी सांगितली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग हिल्लेलने प्रोझबुल काढलं, कारण सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कोणी कर्जच देईना. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, माफीही हवी आणि देणाराही हवा. अमेरिकेत त्यातल्या त्यात श्मितासारखं जे काही आहे ते २००७ सालच्या कायद्याचं: सरकारी नोकरीत किंवा धर्मादाय हॉस्पिटलात राहून १२० हप्ते, म्हणजे दहा वर्षं भरले, की उरलेलं सरकारी कर्ज माफ. इथली पुष्कळ हॉस्पिटलं धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत, तेव्हा नर्स आणि थेरपिस्ट मुलांनी याची माहिती पहिल्या दिवसापासून ठेवावी. पण हे फक्त सरकारी कर्जाला. खाजगी कर्जाला श्मिता नाही.

आणखी एक नवी गोष्ट. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना 'ग्रॅड प्लस' नावाचं सरकारी कर्ज बंद. पदवीनंतरच्या शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर ही मर्यादा. डॉक्टर, दंतवैद्य अशा 'प्रोफेशनल' कोर्सांना वर्षाला पन्नास हजार, एकूण दोन लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षणखात्याने प्रोफेशनलची जी व्याख्या पुढे मांडली तिच्यात फार्मसी आहे, पण नर्सिंग आणि फिजिओथेरपी नाही. त्यावरून नर्सांच्या संघटनांनी बराच आरडाओरडा केला, आणि माझ्या मते योग्यच केला. म्हणजे माझ्या नातीला डी.पी.टी.च्या तीन वर्षांत वर्षाला साडेवीस हजारांवर जे लागेल, त्यासाठी पुन्हा बँक आणि पुन्हा जामीनदार. मी तेव्हा ऐंशी पार केलेली असेन.

हे सगळं ऐकून नात फुरंगटली. म्हणाली, "आजी, डॉ. झिराडनी असा हिशेब केला असता तर?" हा प्रश्न मला आवडला. आपल्या समाजाच्या डॉ. जेरूशा झिराड, जन्म १८९०, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या, लंडनला जाऊन १९१९ मध्ये एम.डी. झाल्या, पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ मध्ये पद्मश्री. ही गोष्ट मीच तिला सांगितलेली. पण त्या गेल्या तेव्हा सरकारी शिष्यवृत्ती मिळवून गेल्या, ती मिळवणाऱ्या पहिल्या बाई. आणि कर्ज काढूनही बायका गेल्या आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी परतफेडीची शिष्यवृत्ती सुरू केली, तिच्या पहिल्या मानकरी फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर, दोघीही डॉक्टरकीसाठी गेल्या. तेव्हा कर्जाला माझा विरोध नाही. त्या बायकांना शिकून आल्यावर काय होणार ते आधीपासून ठाऊक होतं, आणि देणाऱ्यालाही.

नातीचं दुसरं म्हणणं जास्त अवघड होतं. "पैसे वाचवायला मी नर्स होऊ का? मला नर्स व्हायचं नाही." खरं आहे. ज्या मुलीला व्हायचं नाही तिने नर्स होऊ नये, हे मी नर्स म्हणूनच सांगते. मग आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. डी.पी.टी.ला प्रवेश देणारे काय मागतात? बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, शरीरशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, चांगले मार्क आणि एखाद्या क्लिनिकमध्ये थेरपिस्टबरोबर काढलेले तास. पदवीचं नाव 'हेल्थ सायन्सेस'च हवं असं नाही. हे सगळे विषय रटगर्समध्ये आहेत, घरापासून बसने. तिथे न्यू जर्सीच्या मुलांना २०२४-२५ मध्ये ट्यूशन आणि फी मिळून अठरा हजारांच्या जवळपास होती. घरी राहिलं तर खोली-जेवणाचे वर्षाला चौदा-पंधरा हजार वाचतात. चार वर्षांचे बहात्तर हजार, त्यातले अठ्ठेचाळीस आईबाप देणार, उरले चोवीस. सरकारी कर्जाची मर्यादा सत्तावीस. फी थोडी वाढली तरी उन्हाळ्याच्या नोकरीत भागेल. त्या बेरजेत माझ्या सहीला जागाच नव्हती.

पुढच्या तीन वर्षांचे सरकारी साडेएकसष्ट हजार धरले तर एकूण पंचाऐंशी-नव्वद हजार. पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा एकूण कर्ज जास्त नसावं, असं इथले जाणकार सांगतात. त्या मापात ते जेमतेम बसतं. दुसऱ्या वाटेने तोच आकडा एक लाख ऐंशी हजारांवर गेला असता.

ज्यांच्या घरचं उत्पन्न वर्षाला ६५ हजारांच्या आत आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन, आणि २०२२ पासून सरकारी युनिव्हर्सिटीची शेवटची दोन वर्षं, राज्याच्या मदतीने फुकट होऊ शकतात. त्यासाठी फाफ्साचा फॉर्म वेळेवर भरावा लागतो. भरत नाहीत आपले लोक! आम्हाला कोण देणार म्हणून बसून राहतात.

माझ्याकडे आता ते खाजगी कर्ज नाही, पण नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही हेही लिहिते. तिला घराबाहेर पडायचं होतं, वसतिगृहात राहायचं होतं, आणि अठराव्या वर्षी ते वाटणारच. त्याची किंमत कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही. शेवटी तिने स्वतःच त्या युनिव्हर्सिटीला फोन लावला आणि विचारलं, तुमच्या हेल्थ सायन्सेसमध्ये शिरलेल्या शंभर मुलांपैकी किती जण पुढे फिजिओथेरपिस्ट होतात? पलीकडची मुलगी गोड बोलली, पुष्कळ बोलली, कॅम्पस बघायला या म्हणाली. आकडा दिला नाही.

एक मेच्या आत नातीने रटगर्सला होकार कळवला. मुलाने प्रवेश मिळाला तर मलिदा करीन असा एलियाहू हनाबीला नवस बोलला होता, कुठल्या कॉलेजचा प्रवेश ते नवसात नव्हतं, त्यामुळे तो रविवारी केला, पोहे जरा जास्त भिजले. ती शनिवार सोडून आठवड्यातून दोन दिवस इथल्या एका क्लिनिकमध्ये तास भरायला जाते. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री आहे आणि त्यात ती कच्ची आहे. ऑगस्टपर्यंत मी शिकवतो असं तिचे बाबा म्हणतात. बघू.

– एक आजी, पिस्कॅटवे, न्यू जर्सी